शनिवारी जमायचं नाही

"वागियेम! अगं ए वागियेम!"

हाक कानावर पडली आणि वागियेमचे पाय आपसूक जमिनीला टेकले. ती सायकलच्या मागच्या कॅरियरवर बसली होती. पुढे नवरा, सारिजो, पेडल मारत होता. सायकल डुगडुगली आणि थांबली.

जकार्ताच्या जुन्या शहरात, संग्रहालयासमोरच्या चौकात सायकली भाड्याने मिळतात आणि सायकलीबरोबर त्याच रंगाची टोपी. साठी उलटलेल्या त्या दोघांच्या वाट्याला गुलाबी रंग आला होता. पाठीवरच्या दोन सॅका मुलाच्या कॉलेजच्या वेळच्या.

कडेच्या कॅफेतून छत्री सावरत इबू, म्हणजे बाईसाहेब, हेंद्राती येत होत्या. वागियेमने त्यांच्या घरी एकोणीस वर्षं स्वयंपाक केला होता. काम सोडून गावी गेली, त्याला आता चार वर्षं झाली.

"तूच ना? मी म्हटलं, ही टोपी घालून कोण चाललंय!" बाई हसल्या. "सुराबायाचे पाहुणे आलेत, त्यांना घेऊन आले होते. तू इकडे कशी?"

"फिरायला आलोय, इबू."

"फिरायला?" बाईंनी सॅकांकडे पाहिलं. "आणि उतरलायत कुठे?"

"हॉस्टेलात. आठ जणांची खोली आहे. हे वरच्या पलंगावर, मी खालच्या."

"या वयात? अगं, सरळ घरी यायचं. तुझी खोली तशीच आहे की, गॅरेजमागची."

"ती एका माणसापुरती आहे, इबू."

बाईंनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांनी वागियेमचा हात धरला होता. "देवानेच पाठवलं बघ तुला. शनिवारी दितीचा साखरपुडा. साठ माणसं घरी. आणि नवी स्वयंपाकीण गेली सोडून. दोन दिवस आधी ये, गुरुवारी सकाळी. सगळ्यांना तुझ्या हातचं रेंदांग हवंय. दिती तर म्हणते, तसं मटण पुन्हा कुणी केलंच नाही."

बाईंच्या या लेकीला वागियेमने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. वागियेमच्या तोंडाशी 'हो' आलंसुद्धा. साठ माणसं म्हणजे नारळ किती, मिरच्या किती, याचा हिशेब डोक्यात सुरूही झाला. शेजारी सारिजोने टोपी काढून छातीशी धरली होती आणि तो मान डोलवत होता.

वागियेमने त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती आणि सलग आठ दिवस ती दोघं मिळून कुठे फिरली नव्हती. हा माणूस ईदला तिला न्यायला यायचा, गेटाबाहेर उभा राहायचा, आणि तेव्हाही असाच टोपी काढून मान डोलवायचा.

"टोपी घाला," ती त्याला म्हणाली. "ऊन आहे."

त्याने घातली.

"शनिवारी जमायचं नाही, इबू. शनिवारी आम्ही मोनासच्या मनोऱ्यावर जाणार. लिफ्टने, पार वरपर्यंत."

बाईंना वाटलं, थट्टाच करतेय. "अगं, मोनास काय पळून जातोय?"

"एवढी वर्षं मीही हेच म्हणत होते. मोनास नाही गेला पळून. माझे गुडघे गेले."

बाईंचा हात सुटला. आवाज खाली आला. "वागियेम, तुझा भाचा आमच्या यांच्या ऑफिसात कुणी चिकटवला? मी कधी बोलून दाखवलं का?"

सारिजो कासावीस झाला. "अगं, दोनच दिवस तर आहेत," तो पुटपुटला. "मी थांबेन हॉस्टेलात."

"तुम्ही गप्प बसा हो." मग ती बाईंकडे वळली.  "भाचा काम नीट करतो ना, इबू?"

"करतो. म्हणून तर–"

"मग ती नोकरी त्याची आहे. तिच्या बदल्यात मी रेंदांग करायचं नाही. दितीला माझे आशीर्वाद सांगा. गावी आली तर पाटावर बसवून वाढीन. पण तुमच्या स्वयंपाकघरात आता मी येणार नाही. साखरपुड्याला नाही आणि लग्नालाही नाही."

लग्नाचं कुणी विचारलंच नव्हतं.  मागे पाहुणे खुर्च्यांवरून उठून इकडेच येत होते, ओळखीचं कोण भेटलं म्हणून हसऱ्या चेहऱ्याने. बाईंनीही चेहरा हसरा केला.

आता निघावं, असं वागियेमला वाटलं. तिने सायकलचं कॅरियर धरलं. मग सोडलं, आणि ब्लाउजात खोचलेला मोबाइल काढून बाईंपुढे धरला.

"इबू, एक फोटो काढता? तीन दिवस झाले, दोघांचा मिळून एकही निघाला नाही. हे काढतात त्यात मी एकटी, मी काढते त्यात हे एकटे."

पाहुणे जवळ येऊन ठेपले होते. बाईंनी छत्री मिटून काखेत घेतली आणि मोबाइल हातात घेतला.

वागियेम सारिजोला चिकटून उभी राहिली. टोपी दोन्ही हातांनी सरळ केली.

"जरा मागे सरका," ती म्हणाली. "मागची सगळी इमारत आली पाहिजे."

बाई मागे सरकल्या. सकाळचे अकरा वाजले होते आणि चौकाच्या फरशीवर सावलीचा ठिपकाही नव्हता.

"अजून," वागियेम म्हणाली. "अजून थोडं मागे."