वेगळी लाइन

सावळेरामनं जिन्याखालचा मीटरचा बोर्ड उघडला आणि तो तसाच थांबला. मागं उभ्या असलेल्या जिनेशलाही ती दिसली. टोकाला काळी टेप गुंडाळलेली हिरवी वायर कुठंच न जोडलेली, लोंबत होती.

"काय सापडलं?" जिनेशच्या वडलांनी, लालचंदशेठनी विचारलं.

"घराची अर्थिंग सुटलेली हाय, शेठ. गिझरमदी करंट उतरला, त्याला जमिनीत जायला वाटच न्हवती. काकूंनी ओल्या हातानं नळ धरला अन्..."

"सुटलेली, की तूच सोडलेली? महिन्यापूर्वी या बोर्डात तुझाच हात होता ना?"

 सावळेरामनं एकदा, एकदाच, जिनेशकडं पाहिलं आणि तो पिशवीत पक्कड शोधू लागला.

महिन्यापूर्वी जिनेशनं पुण्याहून अँप्लिफायर आणि कमरेएवढे उंच स्पीकर आणले होते. नारायणगावात तसे कुणाकडंच नव्हते. त्यांच्यासाठी सावळेरामनं मीटरपासून थेट हॉलपर्यंत वेगळी लाइन ओढली. जाड तांब्याची वायर, वेगळा स्विच, दुसरं काही म्हणून त्या लाइनवर नाही. तरीही स्पीकरमधून बारीक गुणगुण येतच राहिली. शोधता शोधता कळलं की फ्रिज, गिझर, सगळं घर आणि ही नवी लाइन एकाच अर्थिंगवर आहेत. सावळेराम म्हणाला, सोमवारी अर्थिंगसाठी परसात दुसरा खड्डा घेतो, कोळसा-मीठ भरून नवी प्लेट पुरतो. पण रविवारी पुण्याचे मित्र ऐकायला येणार होते.

"तोवर घराची अर्थिंग काढून ठेव," जिनेश म्हणाला होता.

"घर उघडं पडंल, भाऊ."

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

वायर निघाली आणि गुणगुण थांबली. रविवारी मित्रांनी डोळे मिटून माना डोलावल्या. सोमवारी सावळेराम कुदळ घेऊन आला, तर परसात मालाच्या गोण्या उतरल्या होत्या. जिनेशनं त्याला परत पाठवलं. पुढं आणखी दोनदा पाठवलं. मग तो यायचा थांबला, आणि जिनेश विसरूनही गेला.

"पंधरा वर्षं तुला घरातला मानला," लालचंदशेठचा आवाज चढला होता. "आज माझ्या बायकोचा हात मोडला, उद्या जीव गेला असता. पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस. पेठेत कुणाच्या घरी तुला काम मिळतंय, तेही बघतो मी."

हे वाक्य संपलं की बोलू, असं जिनेशनं ठरवलं. वाक्य संपलं. मग पुढचं संपलं की बोलू, असं ठरवलं. तेही संपलं. 

सावळेरामनं खाली मान घालून वायर जोडली, स्क्रू आवळले, टेस्टर लावून पाहिला. गिझरची लाइन काढून टाकली. "ह्यो आता वापरू नका, नवा बसवा," एवढंच म्हणून तो आत काकूंच्या खोलीच्या दारापाशी जाऊन आला आणि बाहेर पडला.

जिनेशनं त्याला रस्त्यावर गाठलं. सावळेराम लुनाला पिशवी बांधत होता.

"तू बोलला का नाहीस?"

"काय बोलू? वायर माज्या हातानं सुटली. तुमी नुसतं म्हणला व्हता. न्हाई म्हणायचं काम माजं व्हतं."

"मी पप्पांना सांगतो."

"शेठला मागनं सांगा. आदी काकूंना सांगा." त्यानं दोरीची गाठ ओढली. "आता निरोप घ्यायला गेलो, तर मला इचारतात, सावळेराम, काम करताना तुला न्हाई ना कुठं झटका बसला?"

लुना येडगावच्या रस्त्याला लागली.

कंचनबाई खिडकीपाशी कॉटवर बसल्या होत्या. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं त्या माळ ओढत होत्या, आणि सवय नसल्यानं मणी पुन्हा पुन्हा बोटांतून निसटत होते.

जिनेश पायथ्याशी बसला. "मम्मी..."

"आता नाही रे दुखत एवढं," त्या लगेच म्हणाल्या.

मग त्यानं सांगितलं. फरशीकडं बघत, सगळं. गुणगुण, रविवारचे मित्र, दोन दिवस. सावळेराम तीनदा कुदळ घेऊन आला होता आणि आपणच त्याला तीनदा माघारी पाठवलं, हेही. एकदा तोंड उघडल्यावर शब्द आपोआप येत गेले. ते संपले तेव्हा माळही थांबलेली होती.

"मग आवाज चांगला यायला लागला का?" कंचनबाईंनी विचारलं.

त्या टोचून बोलत आहेत का, हे त्याला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. त्या खरंच विचारत होत्या.

"हो," जिनेश म्हणाला.

कंचनबाईंनी मान हलवली. बाहेर लालचंदशेठच्या चपला वाजल्या, दाराकडं येऊ लागल्या. कंचनबाईंनी डाव्या हातानं पदर ओढून घेतला आणि प्लास्टरचा हात, बोटांच्या टोकांपर्यंत, नीट त्याच्या आड झाकून घेतला.

"हं," त्या म्हणाल्या, "आता त्यांना सांग."