गुणाबाईंच्या ओसरीतला नाला

जमिनीच्या उंचीवरून संगणकावर नद्यांचा ढोबळ नकाशा काढणं हे माझं काम. नकाशाचे चौकोन मोठे केले की लहान नाले आपोआप गळतात. आलापल्लीजवळचा एक नाला मात्र गळेना. तीनदा खोडला, तीनदा उगवला, तोही तिथल्या गुणाबाईंच्या घरातूनच. नकाशा उद्या द्यायचा, म्हणून चिडून तिथे गेलो.

सारवलेली ओसरी ठणठणीत कोरडी. सगळ्यांच्या चपला मात्र खांबाला सुतळीने बांधलेल्या.

"बाई, इथून नाला जाते का?"

"इथी कुठी नाला दिसून राह्यला भाऊ? चप्पल तेवढी बांधा."

मी हसलो, चप्पल तशीच सोडून बाजेवर बसलो.

कोरड्या जमिनीवरून माझी चप्पल डुलत डुलत मागच्या दाराकडे निघाली.

"सांगतलं होतं," गुणाबाई म्हणाल्या. "आता पार खाली सिरोंच्याले, नदीकाठी भेटन."