अकोल्याची मशीन

"मले एक सांगा पायल मॅडम, एका मशिनीच्या जागी दोन कावून घेतल्या?" उत्तमरावांनी पुन्हा तेच विचारलं.

अमरावतीच्या रक्तपेढीची सभा वरच्या मजल्यावर भरली होती. उत्तमराव ट्रस्टचे अध्यक्ष आणि निवृत्त मुख्याध्यापक. सभेत फोन वाजलेला त्यांना खपत नसे. सगळ्यांनी आपापले फोन बंद करून दाराजवळच्या टोपलीत ठेवायचे, असा वर्गातला कायदा त्यांनी इथेही लावला होता. समोर पायल बसली होती. रक्तपेढीचं संगणकाचं सगळं काम तिच्याकडे. सर्व्हर तिनंच निवडले होते आणि आज त्याचाच जाब द्यायचा होता.

विक्रेत्यानं एकच दांडगी मशीन सुचवली होती. वेगाला तोड नाही, दिसायला देखणी. पायलनं ती नाकारली. रक्ताच्या पिशव्यांच्या नोंदी ठेवायला एवढा वेग म्हणजे नाकापेक्षा मोती जड, असं तिचं म्हणणं. रक्तपेढीच्या डेटाबेसनं कधीही विचारलं तरी उत्तर दिलं पाहिजे, बाकी सगळं दुय्यम. म्हणून तिनं तेवढ्याच पैशात दोन मध्यम मशिनी घेतल्या आणि त्यांत वीज अचानक गेली तरी लिहिलेलं न विसरणाऱ्या डिस्क बसवल्या. एक मशीन इथे तळमजल्यावर ठेवली, दुसरी अकोल्याच्या शाखेत. इथली प्रत्येक नोंद त्याच क्षणी तिकडेही उतरते. इथली बंद पडली तर अकोल्याची आपोआप काम हाती घेते आणि तसा निरोप पायलच्या फोनवर येतो.

त्या 'तर'वरच गाडं अडलं होतं. इथली मशीन वर्षभरात एकदाही बंद पडली नव्हती. पायलची निवड इतकी चांगली निघाली की तीच तिच्या अंगाशी आली. अकोल्याची मशीन नुसती बसून होती, आणि बसून खाणारा माणूससुद्धा उत्तमरावांना चालत नसे. त्यातून ते अकोला. अकोल्याला नावं ठेवायला अमरावतीच्या माणसाला निमित्त लागत नाही. तिथल्या उन्हात माणूस टिकत नाही तिथं मशीन काय टिकणार, असं उत्तमराव म्हणाले आणि सभासद पोट धरून हसले. अकोल्याची मशीन विकून टाकावी, असा ठराव तयारच होता. फक्त सही व्हायची होती.

पायलला हसण्याचं वाईट वाटलं नाही, भीती वाटली. एखाद्या दिवशी खालची मशीन बंद पडेल आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी रक्ताची वाट पाहत असेल. पण न घडलेली गोष्ट सभेला दाखवायची कशी?

तेवढ्यात काउंटरवरचा शेखर धावत वर आला. दर्यापूरच्या दवाखान्यात एक बाळंतीण होती, तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्ह हवं होतं आणि इथल्या फ्रीजमध्ये एकही पिशवी नव्हती. दुसऱ्या केंद्रातली पिशवी हलवायची तर अध्यक्षांची परवानगी लागे, म्हणून तो वर आला होता. पायलनं टेबलावरचा संगणक पुढ्यात ओढून सगळ्या केंद्रांचा साठा शोधला. उत्तर तत्काळ आलं. भातकुलीच्या साठवण केंद्रात एक पिशवी होती. उत्तमरावांनी मान हलवली आणि शेखर पायऱ्या उतरला. भातकुलीहून गाडी निघाली.

मग कुणीच ठरावाचं नाव काढलं नाही. चहा आला तो तसाच निवत राहिला. बऱ्याच वेळानं शेखर परत आला तो हसतच. पिशवी पोहोचली होती, रक्त चढलं होतं, बाईचा जीव वाचला होता. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. उत्तमरावांचे डोळे खरंच पाणावले. माणूस कडक होता, पण वाईट नव्हता.

डोळे पुसून त्यांनी पेन उघडलं. "पायल मॅडम, तुमची मशीन लाखात एक हाय, मानलं. एकटी पुरून उरते. मंग अकोल्याची कायले पायजे?"

पायलनं ठरावाकडे पाहिलं. एका बाईचा जीव वाचल्याचा आनंद तिच्या मनात मावत नव्हता, आणि त्याच यशानं तिचं म्हणणं खोडून काढलं होतं.

दारात बेबीताई उभ्या राहिल्या. खालच्या मजल्याची झाडलोट त्यांच्याकडे. हातात हळदीकुंकवाचं ताट आणि प्रसाद होता, कारण आज खंडेनवमी. या दिवशी वऱ्हाडात पान्यापासून ट्रॅक्टरपर्यंत साऱ्यांची पूजा होते, आणि पूजलेल्या अवजाराला कुणी लगेच कामाला जुंपत नाही.

"ताई, खालची मशीन आता सुरू करू काय?" बेबीताईंनी पायलला विचारलं. "तुमी सारे वर येऊन बसले, तवाच मी तिचा खटका बंद केला. कुंकू लावलं, हार घातला. सालभर राबून राहिली बिचारी, म्हटलं आज तिलेबी आराम."

सभासदांच्या माना आधी संगणकाकडे वळल्या, मग बेबीताईंकडे.

"म्हंजे तवापासून बंदच हाय?" उत्तमरावांनी विचारलं.

"हो ना जी."

"मंग भातकुलीची पिशवी दाखवली कोनं?"

"अकोल्यानं, सर," पायल म्हणाली. ती हसत होती.

उत्तमराव ठरावाकडे बघत राहिले. मग त्यांनी तो कागद उभा फाडला, उठून बेबीताईंपुढे दोन्ही हात जोडले आणि प्रसाद घेतला. पायल खटका लावायला खाली निघाली, तर त्यांनी तिला हातानंच थांबवलं.

"घाई नोका करू," ते म्हणाले. "आराम करू द्या तिले. अकोला हाय ना."