पांढरं पातळ

अलिबागच्या क्लबात बायकांचे टेनिसचे सामने ठरले, तेव्हा विलायतेचं वेड लागलेल्या रावसाहेबांनी ठणकावलं, "पांढरं नेसाल तरच खेळाल! विलायतेत असंच असतं."

"सवाष्णीनं पांढरं नेसायचं? आग लागो त्या विलायतेला!" म्हणत खुद्द त्यांच्याच बायकोनं नाव मागे घेतलं, आणि पाठोपाठ बाकीच्या साऱ्याजणींनी.

उरली एकटी मथूताई, ऐन विशीत विधवा झालेली. तिला पातळ बदलावंही लागलं नाही. पदर खोचून ती कोर्टावर उभी राहिली, पण समोर कुणी येईना. शेवटी रावसाहेबांनी तोंड वाकडं करून कप तिच्यापुढे धरला.

"कपाचं काय लोणचं घालू? मला खेळायचं होतं," मथूताई फणकारली.

पुढच्या वर्षी रावसाहेबांनी नियम सुधारला: पांढरं नेसणाऱ्या बाईला कोर्टावर मनाई.