भिंतीवरचं नाव

लग्नाच्या आदल्या दिवशी उज्ज्वला पळून गेली, पण दाराशेजारी ऑइलपेंटनं रंगवलेली तिची आन् नवरदेवाची नावं भिंतीवर तशीच राहिली. येणारे-जाणारे वाचून हसायचे. तिचा बाप भागवत स्वतः रंगारी; ऑइलपेंटवर चुना टिकत नाही, खरवडूनच काढावा लागतो, हे त्याला ठाऊक होतं. पण ती नावं खरवडायला बसला की त्याचं रंग घासायचं विजेवरचं मशीन नेमकं बंद पडायचं. काकुळतीला येऊन तो पुन्हा गेवराईला हबीबच्या मशीन-दुरुस्तीच्या दुकानात गेला.

"हबीबभाई, आज कसंबी करून चालू कर. गावात तोंड दाखवायला जागा न्हाई."

हबीबनं मशीन उघडलं. "भागवतभाऊ, मशीन चांगलं हाय. मागच्या खेपेला मोटारीत वीज पोचवायला घातलेले कार्बनचे नवे तुकडेच कुणीतरी काढून घेतलेत."

भागवत घरी आला, तर बायको लेकीच्या नावावरची धूळ पुसत होती, आणि तिच्या पदराची गाठ कार्बननं काळी झाली होती.