पंचावन्न किलोचा संघ

व्यंकटी काट्याच्या फळीवर चढला तेव्हा सिद्धराम वस्तादांनी डोळे मिटून घेतले. गडी नुसता बघितला तरी साठ किलोचा वाटायचा. पंचावन्नच्या वर गेला तर गटातून बाद, आणि व्यंकटीशिवाय बोरतळच्या नवजवान कबड्डी मंडळात होतं काय? नाव आणि शिट्टी.

किशनराव आडत्यांनी पोती मोजायच्या त्या काट्याची दांडी सरकवली, चष्मा वर केला.

"पंचावन्नाला दोनशे ग्रॅम कमी."

"काय म्हणता शेठ!" वस्तादांनी डोळे उघडले.

"दुष्काळ हाय वस्ताद. औंदा माणूसबी हलका अन् दाणाबी हलका."

बाराही गडी गटात बसले. किशनरावांनी चिठ्ठीवर सही ठोकली, वर प्रत्येकाला मूठमूठ शेंगा दिल्या. काटा फुकट, लाल बनियनं त्यांच्याच खर्चानं. गावात दुसरा काटा नव्हता आणि एवढा दिलदार माणूसही दुसरा नव्हता.

ऑगस्टात लातूर वेगळा जिल्हा झाला होता. त्यामुळे कबड्डीचे सामनेही यंदा पहिल्यांदाच जिल्ह्याचे होते. प्रत्येक मंडळानं आपल्या गावी वजन करायचं आणि चिठ्ठी घेऊन जायचं. अंतिम सामना तेवढा लातुरात, आणि त्याआधी वजनही तिथंच पुन्हा. त्या सामन्यात खेळलेल्यांतूनच जिल्ह्याचा संघ निवडणार होते. व्यंकटीचं सगळं चित्त त्या निवडीवर. जिल्ह्याकडून खेळलेल्या पोराला पोलीसभरतीत घेतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याची आई रोजगार हमीवर खडी फोडत होती आणि तिच्या हाताचे फोड बघवत नव्हते.

त्याच आठवड्यात वस्तादांची तूरही त्या काट्यावर चढली. घरी आल्यावर मल्लम्मानं, त्यांच्या बायकोनं, चिठ्ठी वाचून घेतली आणि ती चुलीपुढून उठलीच.

"म्या पायलीनं मापून दिली होती. अडीच क्विंटल. हितं चौदा किलो कमी हाय."

"पायलीचं अन् काट्याचं कवा जमलंय? काटा लोखंडाचा हाय, खोटं बोलतो का?"

"मंग माझा हात खोटं बोलतो का?"

"दाणा हलका हाय औंदा. शेठच म्हणले."

मल्लम्मा परत चुलीपुढं बसली. तिनं वाद सोडला म्हणजे तिला पटलं असं नव्हे, हे वस्तादांना तीस वर्षांत कळलं होतं. पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात कबड्डी होती.

आणि कबड्डी तरी काय झाली! पहिला सामना वलांडीशी, अकरा गुणांनी जिंकला. मग निलंगा, नऊ गुणांनी. औशाला व्यंकटीनं एका चढाईत तिघं बाद केले. उदगीरला तेवढी बरोबरी झाली, तीही पंचाच्या कृपेनं. अहमदपूर, चाकूर, दोन्ही जिंकले. पकडीला तर तोडच नव्हती. चाकूरचा कर्णधार खांदा चोळत वस्तादांजवळ आला.

"दुष्काळात खातेत तरी काय हो तुमची पोरं? पंचावन्नाची म्हणता, अंगावर पडली की पोतं पडल्यावानी वाटतंय."

"आमच्या मातीचा जोर हाय," वस्ताद म्हणाले आणि मिशीला पीळ दिला. तो दिवस त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा होता.

अंतिम सामना शिमग्याच्या आधी ठरला. जोखीम नको म्हणून व्यंकटीनं दोन दिवस पोटात अन्न घातलं नाही. निघायच्या सकाळी किशनरावांच्या काट्यावर साडेचोपन्न भरला. शेठनी स्वतः एस.टी.पर्यंत येऊन नारळ फोडला.

लातुरात मैदानाच्या कडेला नवाकोरा काटा मांडला होता. आधी समोरचा संघ चढला, बाराही गडी गटात बसले. मग व्यंकटी.

"साडेसत्तावन्न," पंच म्हणाले. "बाद."

व्यंकटी खाली उतरून पुन्हा चढला. काटा हलला नाही. बाकीचे एकेक चढले. बारातले नऊ बाद झाले.

वस्तादांचा पारा चढला. त्यांनी किशनरावांची चिठ्ठी पंचांच्या नाकापुढं धरली.

"ही बघा! आज सकाळचं वजन हाय! तुमचा काटा जड दाखवतोय."

पंच भले होते. त्यांनी वाद घातला नाही. सरकारी शिक्क्याची वीस किलोची वजनं मागवली आणि एकेक करून फळीवर ठेवली. वीस. चाळीस. साठ. काटा केसभर इकडंतिकडं झाला नाही.

"सारखंच चुकलंय बघा तुमचं," पंच चिठ्ठीवर बोट फिरवत म्हणाले. "पंचावन्नामागं तीन किलो. सगळ्यांचंच."

सामना झालाच नाही. परतीच्या एस.टी.त व्यंकटी खिडकीला डोकं टेकून बसला होता. कुणीतरी पुढं केलेली भाकरी त्यानं हातात नुसतीच धरली होती. आता त्याला जेवायला हरकत नव्हती. वस्तादांना त्याच्याकडं बघवेना. ते ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा उलगडत होते आणि ओठातल्या ओठात काहीतरी हिशेब करत होते.

गावात उतरले तेव्हा पारावर किशनराव हार घेऊन उभे होते. वस्ताद त्यांच्या समोरून तसेच घरी गेले.

मल्लम्मा दारातच होती. नवऱ्याचं तोंड बघून तिला उमगलं.

"हरलाव?"

"खेळलोच न्हाई." वस्तादांनी पटका काढून खुंटीला अडकवला आणि ते उंबऱ्यावरच बसले.

"मल्लम्मा," ते म्हणाले, "तुझी पायली बरोबर होती."