फिल्टरची शिंक

रविवारी सकाळी रविंद्रने मोटरसायकलचं स्पंजचं एअर फिल्टर काढून साबणाच्या पाण्यात धुतलं. हिंगण्याच्या रस्त्याची वर्षभराची धूळ निघाली. मग त्याने ते हळूच पिळून सावलीत दोरीवर टांगलं.

फिल्टर शिंकलं.

"अवो, किती भिजता! सर्दी होईन ना," स्वयंपाकघरातून बायको प्रेमिला ओरडली.

"मी नाही शिंकलो वं!"

दोरीवर दुसरी शिंक आली. रविंद्रची पाचावर धारण बसली. त्याने धूळ धरणारं तेल न लावता, ओलंच फिल्टर गाडीतल्या त्याच्या डब्यात कोंबलं आणि झाकणाचे स्क्रू गच्च आवळले.

आतून कोणीतरी घसा खाकरला आणि हुबेहूब रविंद्रच्या आवाजात म्हणालं, "प्रेमिला, माह्या चहात आलं टाक वं."

"टाकते," प्रेमिला म्हणाली.

तिला सावध करायला रविंद्रने तोंड उघडलं. पण त्याचा आवाजच उरला नव्हता.